छावणीचे मैदान आणि सर्वांचा गोल्फ

परतवाडा हे अचलपूरचे जोडगाव मुळात लष्करी छावणी म्हणून वाढले. इमादशाहीची राजधानी राहिलेल्या एलिचपुराजवळ, म्हणजे आजच्या अचलपुराजवळ, हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे ठाणे येथे होते. ही फौज निजामाच्या पैशावर पोसली जाई आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चाले. तिच्याच थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला, १९०३ मध्ये ती हिंदी सैन्यात विलीन झाली आणि १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिसळला. अशा छावण्यांची आखणी देशभर साधारण एकाच धर्तीची असे: कवायतीचे मैदान, ऐसपैस आवारांचे बंगले, आणि साहेबांच्या खेळांसाठी राखून ठेवलेली मोकळी जमीन, जिच्यावर गावातल्या माणसाचा खेळाडू म्हणून कोणताही हक्क नसे.

गोल्फ हा खेळ हिंदुस्थानात रुजला तो या राखीव जमिनीच्या व्यवस्थेतच. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा असून ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब होय. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. हे सगळे क्लब सभासदांचे होते, आणि सभासदत्व बहुतेक ठिकाणी गोऱ्या अधिकाऱ्यांपुरते व व्यापाऱ्यांपुरते मर्यादित असल्याने हिंदी माणसाचा या खेळाशी पहिला संबंध आला तो कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा आणि चेंडू शोधून देणारा मजूर म्हणून. त्यामुळे गोल्फ हा जन्मतःच श्रीमंतांचा खेळ आहे असा समज आपल्याकडे घट्ट झाला. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी समुद्रकाठच्या वाळवंटी गवताळ जमिनीवर नगरवासीयांना खेळण्याचा हक्क आहे, ही गोष्ट १५५२ च्या एका सनदेतच मान्य झालेली आहे. त्याच जमिनीवर गुरे चरत आणि कपडे वाळत. गोल्फ हा त्या सामाईक वापराचा एक भाग होता. एका फेरीत, म्हणजे राउंडमध्ये, अठरा होल असावेत हा प्रघातही तेथूनच आला, कारण १७६४ मध्ये तेथील बावीस होलांची फेरी घटवून अठरांची करण्यात आली. प्रत्येक होलचा खेळ टी नावाच्या आरंभस्थानावरून सुरू होतो, फेअरवे या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातून पुढे सरकतो आणि ग्रीन या बारीक गवताच्या चौथऱ्यावरील खळग्यात चेंडू पडला की संपतो. कुशल खेळाडूला त्यासाठी जितके फटके लागावेत असे ठरलेले असते, त्या संख्येला पार म्हणतात.

हा खेळ सामान्यांच्या आवाक्यात येण्यामागे दोन साध्या सुधारणा आहेत, आणि त्यांचे मोल क्लबांच्या वैभवाहून कितीतरी अधिक आहे. चामड्यात पिसे ठासून बनवलेला जुना चेंडू महाग पडे आणि भिजला की फाटे. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, स्वस्त व टिकाऊ चेंडू होऊ लागला आणि खेळणाऱ्यांची संख्या वाढली. दुसरी सुधारणा गुणांकनाची. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरांच्या पद्धतीत, जिची स्पर्धा १९३२ मध्ये झाली, एकूण फटके न मोजता प्रत्येक होलला गुण दिले जातात. एखाद्या होलवर कितीही फटके वाया गेले तरी तेथे शून्याखाली कोणी जात नाही, त्यामुळे नवख्याची सगळी फेरी एका चुकीने बुडत नाही. दरम्यान न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलंड पार्कमध्ये १८९५ मध्ये अमेरिकेतील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झाले होते.

महाराष्ट्रात ही वाट फार उशिरा उघडली. सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सुमारे शंभर हेक्टरांवर आखलेले मैदान २०१२ मध्ये खुले झाले. तेथे शुल्क भरून कोणालाही खेळता येते, पिढीजात सभासदत्वाची अट नाही. सरकारी संस्थेने जमीन राखली आणि ती नागरिकाला खेळायला दिली, ही सेंट अँड्र्यूजची जुनी रीत येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसली.

वऱ्हाडला ही कल्पना परकी नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्याचे दार सर्वांना उघडले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. अडचण आहे ती जमिनीची व पाण्याची: काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जेथे संत्र्याच्या बागांनाच भूजल पुरत नाही तेथे बारमाही गवतावर पाणी ओतणे अन्यायाचे ठरेल. कोरड्या प्रदेशांत गोल्फ खेळणाऱ्यांनी यावर पूर्वीच उपाय काढलेला आहे. ग्रीनच्या जागी वाळूत तेल मिसळून दाबलेला सपाट चौथरा करतात, त्याला ब्राउन म्हणतात, आणि त्यावर पाण्याचा थेंबही लागत नाही. परतवाड्यासारख्या गावात कधी नऊ होलांचे मैदान झालेच, तर ते ब्राउनचे, भाड्याच्या काठ्या देणारे आणि एका फेरीच्या शुल्कावर चालणारे असावे. कुंपणाआडचा सभासदांचा क्लब वऱ्हाडात पुन्हा उभारण्याचे काही कारण नाही.