नवीन कर्मणी : माझगाव-भायखळ्यातील इंग्रजीच्या परीक्षेचा इतिहास

परभाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या आणि तीत बरीच मजल मारलेल्या विद्यार्थ्याचे व्याकरण व शब्दसंग्रह कसे तपासावेत, हा प्रश्न आज भाषापरीक्षणशास्त्राचा, म्हणजे भाषेवरील प्रभुत्व मोजण्याच्या पद्धतींचा विचार करणाऱ्या शाखेचा, मानला जातो आणि त्याचा इतिहास सहसा केंब्रिजपासून सांगितला जातो. मुंबईत हा प्रश्न त्याआधी अर्धे शतक उभा राहिला होता, आणि तो सुटलाच आहे असे गृहीत धरून दरवर्षी मुलांचे भवितव्य त्याच्या उत्तरावर ठरवले जात होते. या परीक्षेचा मराठी भाषकांवर काय परिणाम झाला हे पाहण्यास माझगाव आणि त्याला लागून असलेले भायखळा यांच्याइतकी सोयीची जागा शहरात क्वचितच सापडेल, कारण येथे मराठी बोलणारी माणसे एकाच धर्माची वा जातीची नव्हती आणि इंग्रजीची गरज मात्र सर्वांना सारखीच होती.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. पोर्तुगालच्या राजाने १५७२ मध्ये ते सोझा-इ-लिमा घराण्याला वंशपरंपरेने दिले, १६३२ मध्ये येथे ग्लोरिया चर्च उभे राहिले, आणि बेट इंग्रजांकडे गेल्यावरही मातारपाखाडीसारख्या वाड्यांतील मूळचे ख्रिस्ती रहिवासी घरात मराठीचीच एक बोली बोलत राहिले. १७७४ मध्ये बांधलेली येथील सुकी गोदी, पुढे आलेली पी. अँड ओ. ही जहाज कंपनी, आणि १८८० मध्ये प्रिन्सेस व १८८८ मध्ये व्हिक्टोरिया या जवळच्या मोठ्या गोद्या यांमुळे हिशेबनीस, गोदाम कारकून आणि पत्रव्यवहार सांभाळणारे लोक यांची मागणी वाढत गेली. या नोकऱ्यांवर गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांचाही डोळा होता. त्यांच्यापासून आपले वेगळेपण सरकारदरबारी ठसावे म्हणून स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नोकरीच्या अर्जावर शोभेल असे समाजाचे नाव निवडावे लागणे, ही गोष्ट त्या काळच्या इंग्रजीच्या वजनाविषयी बरेच काही सांगून जाते.

हे वजन कायद्याने आणि आदेशाने आलेले होते. गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या १८४४ च्या ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन, म्हणजे प्रवेशपरीक्षा, झाली. त्या पहिल्या पिढीतील महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. मॅट्रिकला इंग्रजीचा स्वतंत्र विषय होताच, पण इतर विषयांची उत्तरेही लवकरच इंग्रजीतूनच लिहावी लागू लागली, त्यामुळे भूमितीत हुशार असलेला मुलगा विभक्तीत चुकला तर त्याची हुशारी कागदावर उतरतच नसे. एल्फिन्स्टन कॉलेज १८७१ मध्ये भायखळ्यास राणीच्या बागेसमोरच्या नव्या इमारतीत आले आणि सुमारे दीड तप तेथे राहिले. त्या काळात विल्यम वर्ड्‌स्वर्थ या कवीचे नातू त्याचे प्राचार्य होते. माझगावच्या मुलाला पदवीचे दार घरापासून पायी चालण्याच्या अंतरावर होते, मात्र त्या दाराच्या चौकटीवर इंग्रजी व्याकरण बसलेले होते.

या व्याकरणाची तपासणी प्रामुख्याने तीन रीतींनी होई. पहिली भाषांतर. दुसरी पदपरिचय, ज्याला शाळेत ‘व्याकरण चालवणे’ म्हणत, म्हणजे वाक्यातील एकेक शब्द घेऊन त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती आणि इतर पदांशी असलेला संबंध सांगणे. तिसरी वाक्यपृथक्करण, म्हणजे वाक्याचे उद्देश्य आणि विधेय वेगळे करून गौण वाक्ये कोणत्या पदाला चिकटली आहेत ते दाखवणे. या रीती इंग्लंडमधील शाळांतून आलेल्या होत्या, पण येथे त्यांना एक निराळे काम लागले. इंग्लंडमधील मुलगा आपल्याला येणारी भाषा तुकडे करून पाहत होता, तर माझगावचा मुलगा न येणाऱ्या भाषेची जोडणी तिच्या सुट्या भागांवरून शिकत होता, आणि परीक्षकाने मराठी व इंग्रजी जेथे एकमेकींशी जुळत नाहीत नेमक्या त्याच जागांवर प्रश्न ठेवलेले असत.

अशी एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. ‘गोपाळाने पत्र लिहिले’ या वाक्यात क्रियापद गोपाळाचे ऐकत नाही. पत्राऐवजी चिठ्ठी आली की ‘लिहिली’ होते आणि गोपाळाच्या जागी यमुना आली तरी ‘लिहिले’च राहते. क्रियापद कर्माप्रमाणे चालते म्हणून मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. इंग्रजीत मात्र हेच वाक्य ‘गोपाळ रोट अ लेटर’ असे साधे कर्तरी राहते, आणि ज्याला इंग्रजी व्याकरण पॅसिव्ह व्हॉइस म्हणते, म्हणजे ज्यात कर्म पुढे येऊन कर्ता मागे ढकलला जातो किंवा गळून पडतो, ती रचना मराठीत त्या अर्थाने रुळलेली नव्हती. त्यामुळे ‘व्हॉइस बदला’ हा प्रश्न सोडवताना मराठी विद्यार्थ्याला आधी आपल्याच भाषेचे शिक्षण बाजूला ठेवावे लागे, कारण कर्मणी या ओळखीच्या शब्दाचा हात धरून तो गेला की नेमका चुकीच्या वाक्यावर जाऊन थांबे. वर्षानुवर्षे हा प्रश्न सोडवून झाल्यावर ‘गोपाळाकडून पत्र लिहिले गेले’ अशी रचना मराठी लेखनात स्थिरावली आणि व्याकरणकारांनी तिला ‘नवीन कर्मणी’ असे नाव दिले, तेही ती इंग्रजी पॅसिव्हच्या धर्तीवर आली आहे अशी नोंद करून. इंग्रजीची परीक्षा मराठीच्या अंगात किती मुरली याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. सरकारी पत्रकांतील ‘आपणांस कळविण्यात येते’ हे वाक्यही याच पंगतीत बसते.

या देवाणघेवाणीची सुरुवात परीक्षेच्याही आधीची होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता, आणि शब्दांच्या ज्या आठ जाती आजही मराठी शाळेत घोकल्या जातात त्यांची वाटणी इंग्रजीच्या आठ पदजातींशी सहज जुळते. म्हणजे मुलगा मॅट्रिकला बसेपर्यंत त्याची मराठी इंग्रजीच्या साच्यात एकदा ओतून झालेली असे. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठीचा विचार मराठीच्या अंगाने करण्याचा जो मोठा खटाटोप केला त्यामागे हेही एक कारण धरले पाहिजे. शब्दसंग्रहाच्या बाजूने मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश हाताशी होता, परंतु तो जाडजूड आणि महाग ग्रंथ विद्यार्थ्याच्या दप्तरात मावणारा नव्हता. ती उणीव द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेने भरून काढली: नियम, शब्दांची यादी, मग मराठी वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करण्यासाठी, असा तिचा क्रम असल्यामुळे पाठ हाच सराव आणि सराव हीच परीक्षेची तयारी झाली. तिच्यावर पोसलेल्या पिढ्यांचे इंग्रजी लिहिण्यात चोख आणि बोलण्यात अडखळणारे निघाले, यात पाठमालेचा दोष नव्हता. जे विचारले जात होते तेच ती शिकवीत होती.

माझगावात या परीक्षेची सर्वांत वेगळी तयारी बेने इस्राएल समाजाच्या शाळेत चालली. कुलाबा जिल्ह्यातील गावांतून मुंबईत आलेल्या या ज्यू समाजाची मातृभाषा मराठी होती आणि त्याची कीर्तनेही मराठीत होत. धर्मासाठी हिब्रू आणि पोटासाठी इंग्रजी अशा दोन भाषा त्याला नव्याने मिळवायच्या होत्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये इस्राएली शाळा स्थापन केली आणि पुढे १९३० च्या दशकात हाँगकाँगचे दानशूर सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी घरातील मुलाने उजवीकडून डावीकडे वाचायची एक भाषा आणि डावीकडून उजवीकडे वाचायची दुसरी भाषा एकाच बाकावर शिकावी, हे या शाळेत नित्याचे होते. समाजातील विद्वान जोसेफ इझिकिएल राजपूरकर हे ज्यू प्रार्थनांचे मराठी भाषांतरकार आणि विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. केहिमकरांनी स्वतः आपल्या समाजाचा इतिहास लिहिला तो इंग्रजीत. १८९७ मध्ये लिहून झालेले हे पुस्तक १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापले गेले. याच परिसरातील १८६४ सालची जेझुइटांची सेंट मेरीज ही शाळा युरोपीय आणि ख्रिस्ती मुलांसाठी नावाजलेली होती, आणि मातारपाखाडीत जन्मलेले, टिळकांचे सहकारी व १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा तिचेच विद्यार्थी.

केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली ती १९१३ मध्ये. त्या वर्षी तीन उमेदवार बसले, बारा तास परीक्षा चालली आणि तिघेही नापास झाले. फ्रेंच किंवा जर्मनमधून भाषांतर, व्याकरण, निबंध आणि साहित्य हे तिचे घटक माझगावच्या मुलाला मुळीच अनोळखी वाटले नसते; श्रुतलेखन, वाचन व संभाषण यांची तोंडी परीक्षा आणि उच्चारशास्त्राचा स्वतंत्र कागद मात्र त्याला नवा होता. हा फरक लहान नाही. तेथे भाषा बोलणारा माणूस अपेक्षित होता आणि येथे पत्रे लिहिणारा.

विसाव्या शतकात मुंबईने या परीक्षेला तिचे सर्वांत टिकाऊ पाठ्यपुस्तक दिले. नेस्फील्ड याची व्याकरणे त्याआधी प्रचलित होती, पण १९३० च्या दशकात आलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण त्यांच्यावर मात करून घराघरात गेले. यातील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते, आणि फ्रेंच परकीय सैन्यदलावरील ‘बो जेस्त’ या १९२४ च्या कादंबरीमुळे जगाला ते कादंबरीकार म्हणूनच माहीत आहेत. भारतात मात्र त्यांचे नाव काळ, व्हॉइस आणि अप्रत्यक्ष कथन यांच्याशी कायमचे जोडले गेले.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेचे नाव बदलले. १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी. म्हणजे शालान्त परीक्षेने घेतली आणि मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. जानेवारी १९५४ च्या सरकारी आदेशाने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाबाहेरचे नागरिक यांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई झाली. त्याविरुद्ध उभी राहिलेली बॉम्बे एज्युकेशन सोसायटी ही १८१५ मध्ये स्थापन झालेली आणि भायखळ्यात वाढलेली संस्था होती, जिची शाळा १९२५ मध्ये देवळालीस गेली होती. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही असे सांगून हा आदेश रद्द ठरवला. निकाल योग्य होता, पण त्याचा एक परिणाम असा झाला की इंग्रजी माध्यमातील मूल आणि आठवीला मुळाक्षरे गिरवणारे मराठी माध्यमातील मूल यांच्यातील दरी कोणत्याही प्रश्नपत्रिकेने मोजता येण्यापलीकडे गेली. शालान्त परीक्षा मंडळाने पुढे इंग्रजीच्या प्रथम भाषा व तृतीय भाषा अशा वेगळ्या पातळ्या ठेवल्या, आणि ज्या भाषेवर विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकीचे सारे पुढचे शिक्षण अवलंबून होते ती मराठी मुलाच्या गुणपत्रिकेत तिसरी भाषा म्हणून नोंदली गेली.

शब्दसंग्रहाच्या तपासणीतही या काळात बदल झाला. ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी अमेरिकेत विल्सन टेलर यांनी ‘क्लोझ’ पद्धत मांडली, जिच्यात उताऱ्यातील ठराविक अंतरावरचा शब्द गाळून संदर्भावरून तो भरायला सांगतात. शालान्त परीक्षेत रिकाम्या जागा पूर्वीही होत्या, परंतु त्या सुट्या वाक्यांतल्या. ‘नो सूनर’ला ‘दॅन’ जोडणे किंवा वाक्याला प्रश्नपुच्छ लावणे यांसारखे ‘सूचनेप्रमाणे बदल करा’चे प्रश्नच विद्यार्थ्याला भरवशाचे वाटत, कारण त्यात वाक्याचा अर्थ न कळताही गुण मिळत.

माझगाव-भायखळ्यात वाढलेल्या एका मराठी बेने इस्राएल कुटुंबातून याच शहरात भारतीय इंग्रजी कवितेचा एक मोठा कवी निघाला. निस्सिम इझिकिएल (१९२४-२००४) यांनी भायखळ्याच्या अंतोनियो डिसोझा शाळेत शिक्षण घेतले, आयुष्यभर इंग्रजी शिकवले, आणि काही प्रसिद्ध कवितांत चालू वर्तमानकाळाचा भारतीय लोक करतात तसा सढळ वापर जाणूनबुजून केला. उत्तरपत्रिकेत ज्यांच्या प्रत्येक ओळीखाली तांबडी रेघ पडली असती त्या कविता आता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहेत.

महाराष्ट्रात जून २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. भाषा विषयांत तोंडी परीक्षेला वीस गुण देण्याची पद्धत आली, ती २०१८-१९ मध्ये काढून घेतली गेली आणि शंभर गुण पुन्हा कागदावर आले. त्या वर्षी राज्याचा शालान्त निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला. पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेचे वीस गुण परत देण्यात आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला.