बिडाचा तवा

बीड हे आमच्या जिल्ह्याचे नाव, आणि ओतीव लोखंडालाही मराठीत बीडच म्हणतात. दोन्ही उशिरा तापतात आणि एकदा तापले की लवकर निवत नाहीत. बँकेत नोकरी करून याहून जास्त बोलणे बरे नव्हे.

परदेशातल्या भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, स्टेक करून बघा. एकदम सोपं. मांसाचा जाड काप, मीठ, मिरी आणि तापलेला बिडाचा तवा." बी.कॉम. झालेल्या माणसाला एखादी गोष्ट सोपी आहे असे सांगितले, की तो तिची मागची खाती उघडतो. मीही उघडली.

स्टेक हा शब्द इंग्रजीत आला तो नॉर्स भाषेतून, आणि तिकडे त्याचा अर्थ काठीवर खोचून भाजलेले मांस. म्हणजे मूळ हिशेबात तवा नाहीच! आणि निखाऱ्यावरचे मांस आम्हाला कुठे नवे? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आमचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. हत्ती, रत्ने, राज्यकारभार यांच्या जोडीला या ग्रंथात भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत, इतकेच काय, शेतातल्या उंदरांचीही कृती आहे. राजाला इतके लिहायला सवड होती. आमच्या साहेबांना रजेच्या अर्जावर सही करायला होत नाही.

खरा स्टेक गोमांसाचा. पण आमच्याकडे पोळ्याला पुरणपोळी आधी बैलाला, मग मालकाला. आणि २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैलालाही कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा बोकडाच्या मांडीचा, नळीसकट, बोटभर जाड आडवा काप मागितला. खाटीक म्हणाला, "साहेब, असला तुकडा शिजत नसतो." हा माणूस कुठलेही पुस्तक न वाचता बरोबर होता, हे पुढे कळले.

पुस्तकवाले मात्र चुकतात. १८४७ साली लिबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडले, की तीव्र आचेने मांसावर कवच धरते आणि रस आत कोंडला जातो. पुढे कित्येक पिढ्यांनी ते खरे मानले. अहो, तव्यावर चर्र वाजते तो रस बाहेर येतो म्हणूनच ना! खरपूस रंगाचे आणि वासाचे कारण निराळे. उष्णतेने प्रथिनांचे घटक आणि साखर एकमेकांशी संयोग पावतात. हे १९१२ साली मायार या फ्रेंच माणसाने दाखवले.

आता तवा. आई माळकरी. तिच्या चुलीवर मटण चढत नाही. वडील खायचे, म्हणून परसात तीन दगडांची निराळी चूल आणि निराळा बिडाचा तवा असे. करून तीच द्यायची, नाकाला पदर लावून. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. तवा तेव्हापासून गोठ्यात खुंटीला. एव्हाना गंजून गेला असेल, म्हणून मी घासायला विटेचा तुकडा घेऊन गेलो. तवा काळाभोर, तुळतुळीत. बोट फिरवले तर बोटाला तेल लागले. गोठ्यात जाणारे घरात आम्ही दोघेच, आणि मी तर लावले नव्हते.

मी काप टाकणार, इतक्यात ओट्यावरून आवाज आला, "थांब. पाणी शिपडून बघ. थेंब जागीच जिरला तर तापला नाही. पळत सुटला, की टाक."

तापल्या लोखंडावर थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगतो, हे लायडनफ्रॉस्ट नावाच्या डॉक्टरने १७५६ साली लिहून ठेवले आहे. आईने लिहून ठेवले नव्हते, एवढाच फरक.

थेंब पळाला. काप टाकला. वास उत्तम सुटला. तुकडा मात्र चपलेच्या तळासारखा झाला. मी तो चावत होतो आणि आई लांबून बघत होती.

"कडा करपल्या का?"

"थोड्या."

"त्यांना तशाच लागायच्या."

तवा धुवायला उचलला आणि साबण घेतला, तर म्हणाली, "साबण नको लावू. ठेव तिथंच. मी बघते."