नॉताची गाठ

दीड-दोन वर्षांच्या पोराचा अंगठा शेंड्याकडे वाकलेलाच राहतो, हे एखाद्या दिवशी आईच्या ध्यानात येतं आणि घरात चौकशी बसते. सातारा-सांगलीकडे पहिला संशय न्हाऊ घालणाऱ्या बाईवर जायचा, दुसरा पोराच्या पडण्यावर. हा कुस्तीचा मुलूख. निखळलेलं हाड बसवणारा वस्ताद आठवणारच. पण इथे निखळलेलं काही नसतंच, बसवणार काय? ओढाताणीने पोर रडतं, इतकंच.

अडतं ते कंडरेत. अंगठा वाकवणारी कंडरा त्याच्या मुळाशी एका चिंचोळ्या कड्यातून जाते. तिथे ती जाड झाली की नेफ्यात नाडीची गाठ अडावी तशी अडते. ही गाठ बोटांनी चाचपता येते, सहसा दुखत नाही. आल्फोन्स नॉता या फ्रेंच डॉक्टरांनी १८५० साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती नॉताची गाठ. मात्र त्यांचे रुग्ण प्रौढ होते.

मुलांच्या अंगठ्यावर पुढे ‘जन्मजात’ असा शिक्का बसला. तो पुसला गेला तो नवजात बाळं तपासून. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ४,७१९ बाळांपैकी एकाचाही अंगठा अडलेला नव्हता. २००६ च्या जपानी पाहणीतही जन्मतः एकही नाही. वर्षाचे होईपर्यंत हजारात तीनेक. म्हणजे गाठ नंतर धरते. का धरते, याचं पक्कं उत्तर अजून नाही, पण गरोदरपणात आईचं काय चुकलं हा प्रश्न तरी मिटला.

उपचाराची कथा जास्त रंजक, कारण ती वाट पाहण्याची आहे. १९७४ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी लिहिलं, की सहा महिने ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसलेले अंगठे आपोआप सुटण्याचं प्रमाण १२ टक्केच. चार वर्षांचं होण्याआधी शस्त्रक्रिया करा. त्यांनी वाट पाहिली होती साधारण सहा महिने. कोरियातल्या डॉक्टरांनी काही वर्षं धीर धरला. २००८ च्या त्यांच्या लेखात ७१ अंगठ्यांपैकी ६३ टक्के कसल्याही उपचाराविना सरळ झाले. साधारण चार वर्षं लागली. माझा कल कोरियाकडे आहे, पण चार वर्षं म्हणजे बालवाडी ते दुसरी. सगळ्या आईबापांना ते झेपत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. काही डॉक्टर मधल्या काळात हलके व्यायाम किंवा रात्री पट्टी सुचवतात.

शस्त्रक्रिया छोटीच. पूर्ण भूल देऊन अंगठ्याच्या मुळाच्या घडीत चीर घेतात आणि कडं मोकळं करतात. अंगठ्याच्या नसा तिथे कातडीच्या अगदी खाली असतात, म्हणून कराड-मिरजेत चौकशी करताना लहान मुलांचे हात हाताळणारा सर्जन विचारावा. मोठ्यांना देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन मुलांना सहसा देत नाहीत. आणि अंगठ्याऐवजी दुसरं बोट अडत असेल तर हा हिशेब लागू नाही: तिथे नुसतं कडं मोकळं करून बऱ्याचदा भागत नाही, कधी मूळ आजार वेगळाच निघतो.