व्हेनिसच्या दारावरील कांस्यवैभव

सोळाव्या शतकातील व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे नगर. रेशीम, लोकर व मसाले यांवर तेथील घराणी संपन्न झाली. परंतु वैभवाच्या प्रदर्शनावर प्रजासत्ताकाची करडी नजर असे. वस्त्रे, अलंकार, मेजवान्या यांवर निर्बंध होते. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी होते. १५६२ मध्ये तर गोंदोला नौकांच्या सजावटीलाही आळा घालण्यात आला.

त्याच काळात श्रीमंतांच्या दारांवर मात्र ओतीव कांस्याच्या भव्य कड्या झळकत होत्या. मध्ये समुद्रदेव नेपच्यून उभा, दोहो बाजूंस माशाची शेपटी असलेले घोडे. काहींवर घराण्याचे कुलचिन्हही असे. तोफा ओतणाऱ्या त्या नगरात कसबी ओतारींची वाण नव्हती. आलेल्या पाहुण्यास ही कडी हाती धरूनच दार ठोठवावे लागे. म्हणजे मालकाची भेट होण्यापूर्वीच त्याच्या ऐपतीचे वजन हातास कळे!

१७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक संपले. पुढे अनेक घराणी खालावली आणि कड्या संग्राहकांकडे गेल्या. काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या हुबेहूब प्रतिकृतीही ओतल्या गेल्या. त्यामुळे अस्सल कडी कोणती, हे सांगताना जाणकारही बिचकतात.