बॅरेक नंबर आणि नाल्याचा उतार

आजचा भाग माझ्या आधार कार्डापासून सुरू करतो.

त्यावरचा पत्ता बघून माझा बंगळुरूचा टीम लीड एकदा व्हिडिओ कॉलवरच हसला होता. "बॅरेक नंबर? तू मिलिटरीत राहतोस का?" त्याला काय सांगणार. उल्हासनगर कॅम्प २, पिन कोड ४२१००२. कॅम्प १ चा पिन ४२१००१, कॅम्प ३ चा ४२१००३, आणि असंच ५ पर्यंत. कॅम्पचा नंबर थेट पिन कोडच्या शेपटीला. प्रोग्रामर लोकांना आवडेल अशी व्यवस्था. आम्ही राहतो त्या जागी आज चार मजली इमारत आहे, बॅरेक कधीच पडली. पत्त्यात मात्र ती अजून उभी आहे.

तर आज या बॅरेकबद्दल बोलू, आणि तिच्या मागून वाहणाऱ्या पाण्याबद्दल. कारण येत्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. विषय एकच, रिडेव्हलपमेंट. त्या मीटिंगला जायच्या आधी मला हा इतिहास स्वतःलाच नीट समजून घ्यायचा होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराला मुंबईच्या जवळ पण मुंबईच्या बाहेर जागा हवी होती. कल्याण जंक्शनला रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक कसारा-इगतपुरीकडे, दुसरा कर्जत-पुण्याकडे. त्या दोन फाट्यांच्या बेचक्यात सपाट जमीन होती, एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला वालधुनी. तिथे लष्कराने छावणी उभी केली. लांबच लांब बॅरेकी, ओळीने, नंबर टाकून. सैनिक यायचे, काही दिवस राहायचे, पुढे जायचे. कुणी इथे जन्म काढेल असं नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं.

मग १९४७ आलं. फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेले लोक कराचीहून बोटींनी मुंबईत उतरले. सरकारला इतक्या माणसांना ठेवायला छप्पर हवं होतं आणि कल्याणजवळ रिकामी छप्परं होती. सुमारे लाखभर माणसं या पाच कॅम्पांत आली. एका लांब बॅरेकीत गोणपाट आणि चादरी टांगून खोल्या पाडल्या. नळ सामाईक, संडास सामाईक. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि छावणीचं नाव झालं उल्हासनगर. नदीवरून आलेलं नाव आहे हे. गंमत अशी की नाव नदीचं घेतलं, पण वस्ती वसली ती छावणीच्या मूळ आखणीवरच.

आमच्या धंद्यात याला टेम्पररी फिक्स म्हणतात. रात्री दोन वाजता काहीतरी जोडून चालू करायचं, 'सोमवारी नीट करू' असं लिहून ठेवायचं, आणि तोच कोड पुढची पाच वर्षं चालतो. उल्हासनगर तसं पंचाहत्तर वर्षांहून जास्त चाललंय. आणि नुसतं चाललं नाही, वाढलं. महानगरपालिका १९९६ साली झाली. क्षेत्र जेमतेम १३ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाखांच्या वर. म्हणजे चौरस किलोमीटरला जवळजवळ ३९ हजार माणसं.

हे सगळे राहिले कुठे? तर बॅरेकींच्या मधल्या मोकळ्या जागेत. १९५४ च्या कायद्याने निर्वासितांना भरपाई म्हणून मिळालेल्या जागांच्या सनदा दिल्या गेल्या. इथली जुनी माणसं अजून फायलीत सनद जपून ठेवतात, सोनं नसेल जपत तेवढी. सनदेतली खोली कायदेशीर. पण मुलं झाली, लग्नं झाली, धंदा वाढला, मग खोली पुढे सरकली, मागे सरकली, वर चढली. मधलं अंगण गेलं. अंगणाच्या कडेची गटारं झाकली गेली, त्यावर ओटे आले, ओट्यांवर दुकानं. कुणा एकाला दोष द्यायचा म्हटलं तर सापडणार नाही. माझ्या आजोबांनी १९७० च्या दशकात ज्याच्याकडून इथली खोली घेतली त्याने मागच्या बाजूला दोन फूट वाढवलं होतं. आजोबांनी आणखी दोन फूट वाढवलं. आम्ही मराठी, शेजारी सिंधी, पण दोन फूट वाढवण्यात सगळे एक.

नव्वदच्या दशकात बैठी घरं जाऊन इमारती आल्या. परवानग्यांचा प्रश्न इतका चिघळला की प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि २००६ मध्ये राज्य सरकारला फक्त उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. एका शहरासाठी एक कायदा! तरी बहुतेक इमारती जिथल्या तिथेच राहिल्या. मग मे २०२१. दोन आठवड्यांच्या आत शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसरी घटना २८ मे ची, आमच्याच कॅम्पातल्या नेहरू चौकाजवळची. वरचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. ७ माणसं गेली. त्या काळात रेतीची टंचाई होती, म्हणून दगडाची भुकटी वापरली गेली, इथले लोक तिला उलवा रेती म्हणतात, तिची चर्चा तेव्हा घराघरात झाली. त्या रात्रीपासून माझी आई बाथरूमच्या छताकडे बघितल्याशिवाय अंघोळीला जात नाही. आमची इमारतही त्याच काळातली.

आता पाण्याकडे येतो.

कॅम्प २ चा उतार तुम्हाला चालताना जाणवणार नाही. गजानन मार्केटमध्ये लग्नाचे कपडे घ्यायला आलात तर सगळं सपाटच वाटेल. पण पाण्याला कळतं. शहराच्या आमच्या अंगाचं बरंचसं पाणी खेमाणी नाल्याला मिळतं आणि हा नाला जातो उल्हास नदीला. शहराच्या दुसऱ्या अंगाचं पाणी जातं वालधुनीला. म्हणजे १३ चौरस किलोमीटरचं गाव, आणि त्याचं पाणी दोन नद्यांत वाटलेलं.

वालधुनी येते अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरातून. तिथे रेल्वेने बांधलेला तलाव आहे, लोक त्याला अजून जीआयपी टँकच म्हणतात. पुढे ती अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून वाहते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांचं मंदिर. ज्याने ते बांधलं त्याने नदी बघून जागा निवडली होती हे तिथे उभं राहिलं की कळतं. तिथून थोडं खाली, उल्हासनगरात, तीच नदी इतकी बदललेली असते की लोकलच्या दारात उभी असलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये तर कुणीतरी रात्री तिच्यात रसायन ओतलं आणि वडोल गावाच्या भागातली शेकडो माणसं श्वास कोंडून हॉस्पिटलात गेली.

रेल्वेमार्गाने शहराचे दोन तुकडे केले आहेत, पश्चिमेला कॅम्प १, २, ३ आणि पूर्वेला ४ आणि ५. वालधुनी त्या चिरेला आणखी रुंद करते. आणि कॅम्पच्या आत हेच काम नाले करतात. आमच्या गल्लीच्या टोकाला नाला आहे. पलीकडच्या गल्लीतला माझा शाळेतला मित्र दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर राहतो, पण त्याच्या घरी जायला बाइकवर सहा मिनिटं लागतात. सगळ्या घरांची पाठ नाल्याकडे. नाला म्हणजे मागची बाजू, जिथे कचरा टाकायचा, ड्रेनेजचा पाइप सोडायचा, एसीचं पाणी सोडायचं.

२६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांचा होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातही पाण्याने तसाच धुमाकूळ घातला होता. आम्ही रात्र वरच्या मजल्यावरच्यांकडे काढली. मला आठवतो तो आवाज. पाणी दारातून आलं नाही, मोरीतून आलं. गुडगुड करत उलटं. म्हणजे नाला इतका भरला होता की तो पाइपातून परत आमच्याकडे येत होता. खाली कल्याणच्या खाडीला भरती असली की वरून येणाऱ्या पाण्याला वाट मिळत नाही, ते थांबतं आणि फुगतं, हे मला खूप नंतर समजलं.

आकडे बघा. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितलं की ती ५० मिलिमीटरची करा. एक हेक्टर जागेवर तासाला ५० मिलिमीटर पडले तर पाणी होतं ५ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ५० टँकर, एका तासात. पूर्वी यातलं बरंचसं अंगणात मुरायचं. आता अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. ५० च्या ५० टँकर गल्लीच्या टोकाला येऊन उभे राहतात.

आणि मग येते ती गोष्ट जिच्यामुळे मी हा भाग करतोय.

आमच्या शेजारची इमारत दोन वर्षांपूर्वी नव्याने बांधली. बिल्डरने शहाणपणा केला, जोतं तीन फूट उचललं, आवारात भराव टाकला. त्यांच्या पार्किंगमध्ये आता पाणी येत नाही. ते कुठे गेलं? आमच्या जिन्यात आलं. आता आम्हालाही एक बिल्डर मिळालाय आणि तो म्हणतो, आपण चार फूट उचलू. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्याच संध्याकाळी समोरच्या जुन्या बैठ्या बॅरेकमधल्या आंटी मला दुधाच्या दुकानात भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, लहानपणी त्या बोटीने आल्या होत्या. म्हणाल्या, "बेटा, अच्छा है, तुम्हारा बिल्डिंग बनेगा. पानी तो फिर मेरे यहाँ आएगा ना?" रागाने नाही, नुसतं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

या कॅम्पांची सगळी दुरुस्ती अशीच झाली आहे, ज्याने त्याने आपापल्या हद्दीत. पण पाण्याला सनद समजत नाही.

दुसरा पर्याय कागदावर आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत क्लस्टरची तरतूद आहे, म्हणजे एकेक इमारत न पाडता अख्खा पट्टा एकत्र घ्यायचा, रस्ते आणि गटारं नव्याने आखायची, मग इमारती. आमच्या गल्लीत क्लस्टर म्हटलं की लोक दचकतात आणि त्यांची भीती खोटी नाही. सनद कुणाकडे आहे, कुणाकडे नाही. दुकानदाराला तळमजला परत मिळेल का? भाडेकरूचं काय? दहा वर्षं संक्रमण शिबिरात? ज्यांचं अख्खं कुटुंब एका कॅम्पात पंचाहत्तर वर्षं अडकलं त्यांना परत कॅम्पात जा म्हणणं सोपं नाही.

इथे मला सोल आठवतं, दक्षिण कोरियाचं. तिथे चंग्येचन नावाचा ओढा शहराच्या मधून जातो. कोरियन युद्धानंतर निर्वासितांनी त्याच्या काठावर झोपड्या बांधल्या, ओढ्याचं गटार झालं. १९५८ पासून तो स्लॅबने झाकायला घेतला, पुढे त्यावर उन्नत रस्ता बांधला. ओळखीचं वाटतंय ना? मग २००३ मध्ये त्यांनी तो रस्ता पाडायला घेतला, ओढा उघडला आणि २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा काठ लोकांना चालायला मिळाला. हो, तेच २००५, जेव्हा आमच्या मोरीतून नाला वर येत होता. पात्र २०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशोबाने आखलं. काठाच्या खालच्या पायऱ्या पावसात बुडतात, बुडाव्यात म्हणूनच बांधल्यात. आणि ओढ्यावर २२ पूल टाकले, दोन्हीकडची बाजारपेठ जोडली. पण हे रील बघून हुरळून जाऊ नका. त्या रस्त्याखालच्या शेकडो फेरीवाल्यांना उठवलं गेलं, आणि ओढ्यातलं पाणी आजही बरंचसं पंपाने चढवून सोडतात. मला त्यातलं सौंदर्य नको. मला एवढंच घ्यायचंय की त्यांनी आखणी ओढ्यापासून सुरू केली.

आपल्याकडे तसं काहीच नाही असंही नाही. उल्हास नदी लाखो लोकांचं पिण्याचं पाणी आहे, आणि खेमाणी नाला तिलाच मिळतो. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादात आणि सुप्रीम कोर्टात गेलं, त्यानंतर खेमाणीचं सांडपाणी अडवून पंपाने शुद्धीकरण केंद्राकडे वळवायचं काम हाती घेतलं गेलं. चांगलंच आहे. पण ही व्यवस्था आठ महिन्यांच्या पाण्याची. जोरदार पावसात कुठलाही अडवलेला नाला बांधावरून उडी मारून जुन्या वाटेनेच जातो. पावसाळ्याच्या पाण्यासाठी जागाच लागते, आणि जागा आमच्या घरांच्या पाठीमागे, आम्ही वाढवलेल्या दोन दोन फुटांत आहे. माझ्या आजोबांचे दोन फूट त्यात आले.

मागच्या रविवारी मी एका ओळखीच्या गवंड्याला घेऊन गल्ली मोजली. आधी फोनच्या अ‍ॅपवर उंची बघितली होती, त्याने एकाच जागेची तीन वेगळी उत्तरं दिली. गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. सोपं असतं ते, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. आमच्या गेटपासून आंटींच्या उंबऱ्यापर्यंत सव्वा फूट उतार, तिथून नाल्याच्या कठड्यापर्यंत आणखी पाऊण फूट. आमचं जोतं चार फूट वर गेलं तर आमच्या आवारातला प्रत्येक टँकर त्या उंबऱ्यावरून जाणार.

मी वहीवर आडवा छेद काढलाय. त्यात आमची इमारत, शेजारची, आंटींची बॅरेक आणि नाला एकाच रेषेत आहेत. रविवारी एवढंच मागणार आहे की बिल्डरशी सही करायच्या आधी गल्लीतल्या पाच इमारती आणि दोन बॅरेकींनी एकत्र बसावं, आणि नाल्याच्या बाजूची दहा फुटांची पट्टी कुणीच मागू नये. तिथे रस्ता करता येईल, पाणी आलं तर पाण्याला, नाही आलं तर माणसांना. एक छोटा पूल झाला तर माझ्या मित्राचं घर दोन मिनिटांवर येईल. आमच्या फ्लॅटचे काही चौरस फूट त्यात जातील. वडिलांना हे अजून पटलेलं नाही. काल जेवताना म्हणाले, "सगळ्यांनी उचललं, आम्हीच का खाली राहायचं?" त्यांचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही.

मीटिंगमध्ये काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. तुमच्या पत्त्यात बॅरेक नंबर असेल तर तुमच्या गल्लीतलं पाणी कुठे जातं ते मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा, फोटो असेल तर उत्तम. भेटू.