बदरपूरची धुराडी आणि रेवाचं ऊन



झेलम एक्स्प्रेसनं पुण्याहून दिल्लीकडे येणाऱ्या फौजींना बदरपूर आठवत असेल. फरिदाबाद मागे पडलं की उजव्या हाताला वीज केंद्राची उंच धुराडी दिसायची, आणि डब्यात होल्डॉल बांधायची धांदल उडायची. दिल्ली आली! निवृत्तीनंतर मी इकडेच स्थायिक झालो. त्या धुराड्यांतून आता धूर निघत नाही. आजची गोष्ट त्या धुराची आहे, आणि तो गेला कुठे याची.

बदरपूरचा पहिला संच १९७३ मध्ये सुरू झाला. वाढत वाढत केंद्र ७०५ मेगावॅटपर्यंत गेलं. कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेनं यायचा, पाणी आग्रा कालव्यातून. एकेकाळी दिल्लीचा मोठा आधार होता तो, हे विसरून चालणार नाही. पण शहर वाढत त्याच्या अंगाला येऊन भिडलं, यंत्रं म्हातारी झाली, राखेचे ढीग साचले. आयटीओजवळचं इंद्रप्रस्थ केंद्र २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांआधीच थंडावलं होतं, राजघाटचं २०१५ मध्ये. उरलं बदरपूर.

ते बंद करा, असं सगळेच म्हणत होते. तरी शेवटची काही वर्षं काय चाललं होतं? हिवाळ्यात धुरकं दाटलं की केंद्र बंद, उन्हाळ्यात पंखे-कूलर सुरू झाले की पुन्हा चालू. कारण साधं होतं. दक्षिण दिल्लीला तेवढी वीज बाहेरून आणायची तर तारा आणि उपकेंद्र हवं. तुघलकाबादचं मोठं उपकेंद्र उभं राहीपर्यंत बदरपूरला सुट्टी नव्हती. अखेर १५ ऑक्टोबर २०१८ ला ते कायमचं बंद झालं.

फौजेत हे आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. बदली तुकडी मोर्चात येऊन बसली, तिच्या बंदुका लागल्या, तिचा टेलिफोन बोलू लागला, की मग जुनी तुकडी निघते. आधी निघालात तर खिंडार पडतं. विजेच्या जाळ्यात खिंडार पडलं की काय होतं ते ३१ जुलै २०१२ ला आपण पाहिलंय. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं जाळं एकदम कोसळलं, सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. दिल्लीची मेट्रो जागच्या जागी उभी राहिली.

आता हिशेबाकडे या. नेट झिरो म्हणजे जितके हरितगृह वायू हवेत सोडायचे, तितकेच जंगलं, माती किंवा यंत्रं यांच्याकडून परत ओढून घ्यायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला भारतानं त्यासाठी २०७० हे साल दिलं. बदरपूर बंद झालं तेव्हा दिल्लीच्या छातीवरचा भार हलका झाला, यात शंका नाही. पण दिल्लीची वीज मग कुठून येऊ लागली? बरीचशी दादरीहून, झज्जरहून, त्याही पलीकडच्या कोळशाच्या केंद्रांतून. काजळी लांब गेली, कार्बन डायऑक्साइड मात्र आकाशाच्या त्याच खात्यात जमा झाला. त्याला राज्याची सीमा कळत नाही. माझ्या घरातला दिवा दुसऱ्या कुणाच्या गावातल्या राखेवर जळतो. आपल्याकडे चंद्रपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २,९२० मेगावॅटचं केंद्र त्यांच्या उशाशी आहे, दिवे राज्यभर लागतात.

याच कहाणीचं दुसरं पान मात्र खरोखर वेगळं आहे. बदरपूर बंद होऊन सहा महिने झाले असतील. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली मेट्रोला मध्य प्रदेशातल्या रेवाच्या सौर प्रकल्पातून वीज येऊ लागली. ७५० मेगावॅटचा प्रकल्प, त्यातला साधारण चौथा हिस्सा मेट्रोचा. आणि पहिल्या काही गाड्या धावल्या त्या व्हायलेट लाइनवर, जी बदरपूर बॉर्डर स्टेशनवरून जाते! योगायोगच, पण मला फार आवडतो.

रेवाचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला. बोली तेहेतीस तास चालली आणि पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैशांवर आला. वर्षभरापूर्वी राजस्थानात ४ रुपये ३४ पैसे हा नीचांक मानला गेला होता. पॅनेल स्वस्त झाली होती हे खरं. पण जमीन आधी ताब्यात, तारांची सोय आधी ठरलेली, आणि पैसे बुडाले तर राज्य सरकारची हमी. पुन्हा तेच, मोर्चा आधी बांधला. देशाचा नेट झिरो करायचा तर हे कंटाळवाणं काम शेकडो ठिकाणी करावं लागेल. त्याच्या फिती कापल्या जात नाहीत, म्हणून ते मागे राहतं, असं माझं मत.

अडचण उरते ती संध्याकाळची. ऊन उतरतं, ऑफिसं सुटतात, मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. २०२५ मध्ये देशातल्या वीजनिर्मितीच्या बसवलेल्या क्षमतेपैकी निम्मी कोळसा-वायूशिवायची झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण बसवलेली क्षमता म्हणजे हजेरीपटावरचे जवान. प्रत्यक्ष वीज अजूनही सुमारे ७० टक्के कोळशाची.

त्यावर उत्तर म्हणजे साठवण. धरणांमधून पाणी वर चढवून सोडणं, किंवा बॅटऱ्या. रोहिणीत फेब्रुवारी २०१९ मध्ये १० मेगावॅटची बॅटरी बसली, तेव्हा ती दक्षिण आशियातली सर्वांत मोठी म्हणून गाजली. तासभर पुरणारी. आणि १९ जून २०२४ ला दिल्लीची मागणी गेली होती ८,६५६ मेगावॅटवर.

परवा संध्याकाळी सात वाजता व्हायलेट लाइननं फरिदाबादला निघालो होतो. बदरपूर बॉर्डर आलं. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाला मी विचारलं, "बेटा, ही गाडी आत्ता कशावर चाललीय, ठाऊक आहे?" तो म्हणाला, "अंकल, सोलरवर. स्टेशनवर लिहिलंय." मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर अंधार पडला होता.