सूर्योदय ते सूर्यास्त : क्रूगर उद्यानांतील सफरीचा पूर्ववृत्तांत



'सफारी' हा शब्द आपल्या कानांना परका वाटत नाहीं, कारण तो तितकासा परका नाहींच. अरबी भाषेंतील 'सफर' हा शब्द फारशीच्या वाटेनें मराठींत आला आणि आपण तो घरचा करून टाकला. तोच शब्द अरबी व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि तेथील स्वाहिली भाषेंत 'सफारी' झाला. अर्थ दोन्हीकडे एकच : प्रवास. त्या अर्थांत मुळांत सिंह नव्हता आणि बंदूकहि नव्हती. ती मागाहून आली. १९०९ सालीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोंबासा बंदरांत उतरले आणि आपल्या मुलासह पूर्व आफ्रिकेच्या अरण्यांत शिरले, तेव्हां त्यांच्याबरोबर शेंकडों ओझेकरी होते. सफर कित्येक महिने चालली आणि बापलेकांनीं मिळून ५१२ जनावरें मारलीं. (मोंबासाहून ते ज्या रेल्वेनें आंत गेले, ती बांधण्यासाठीं आपल्या देशांतून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यांत आले होते व त्यांतील सुमारें अडीच हजार तेथेंच मेले, हें जातां जातां सांगून ठेवितों.) त्या काळीं सफारी म्हणजे हें असें प्रकरण होतें : पायांची चाल, माणसांच्या डोक्यावरचें ओझें आणि महिन्यांचा हिशेब.

आज मुंबई-पुण्याचें एखादें कुटुंब आफ्रिकेस जावयाचें ठरवितें तेव्हां तें विचारतें, 'एका दिवसांत काय काय दिसेल?' महिन्यांचा दिवस कसा झाला, आणि त्या एका दिवसाला जे कडक नियम लागू आहेत ते कोठून आले, हें आज मला सांगावयाचें आहे. आफ्रिकेंत राष्ट्रीय उद्यानें पुष्कळ आहेत. मी त्यांपैकीं एकच घेतों, दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर. कारण मोटारीनें जाऊन वन्य प्राणी पाहण्याची पद्धत जेथें प्रथम रूढ झाली, अशा थोड्या ठिकाणांपैकीं तें एक होय.

प्रथम आजचा दिवस पाहूं. हिवाळ्यांत, म्हणजे तिकडच्या मे ते जुलै या महिन्यांत, उद्यानाचें फाटक सकाळीं सहाला उघडतें व सायंकाळीं साडेपांचाला बंद होतें. ऐन उन्हाळ्यांत, डिसेंबराच्या सुमारास, हीच वेळ साडेपांच ते साडेसहा अशी असते. डांबरी रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटर आणि कच्च्या रस्त्यावर ४०, याहून अधिक वेगानें गाडी हांकतां येत नाहीं. नेमून दिलेलीं ठिकाणें सोडून गाडींतून पाय खालीं ठेवावयाचा नाहीं. दिवसास किती गाड्या आंत सोडावयाच्या यासहि मर्यादा आहे. म्हणून तिकडील शाळांच्या सुटीच्या दिवसांत जागा आधीं राखून ठेवावी लागते. वाटाड्याची उघड्या बाजूंची गाडी घेतली तर तो पहांटे अंधारांतच पाहुण्यांना घेऊन फाटकाशीं रांगेंत उभा असतो. हे नियम पाहून एखाद्यास शाळेच्या शिस्तीची आठवण होईल. माझा सारा जन्म शाळेंत गेला, तेव्हां मला तर ती होणारच! परंतु शाळेंतील शिस्तीप्रमाणेंच यांतील प्रत्येक नियमामागें कांहींतरी घडलेलें आहे.

१८९८ सालीं, बोअर लोकांच्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या कारकीर्दींत, साबी आणि क्रोकोडाईल या दोन नद्यांमधील मुलूख शिकारबंदीचा म्हणून जाहीर झाला. लगेच दुसऱ्या वर्षीं इंग्रज आणि बोअर यांचें युद्ध जुंपलें आणि ती बंदी कागदावरच राहिली. युद्ध संपल्यावर १९०२ सालीं इंग्रज सरकारनें जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला तेथील प्रमुख नेमलें. थोड्याच काळासाठीं म्हणून आलेला हा गृहस्थ मधला महायुद्धाचा काळ वगळतां १९४६ पर्यंत त्या जागीं राहिला. तेथील त्सोंगा लोकांनीं त्याला 'स्कुकुझा' असें नांव ठेविलें. त्याचा अर्थ कोणी 'झाडून साफ करणारा' असा सांगतात, तर कोणी 'सगळें उलथेंपालथें करणारा' असा. १९३६ पासून उद्यानाच्या मुख्य ठाण्याला हेंच नांव आहे आणि प्रवासी तें मोठ्या कौतुकानें उच्चारतात. पण झाडून साफ काय केलें? आल्यानंतर थोड्याच काळांत त्यानें त्या मुलखांत राहणाऱ्या दोन ते तीन हजार आफ्रिकन माणसांना बाहेर घालविलें. शिकारबंदी झाली ती त्यांच्याहि हरणांवर. आणि ज्या पाणवठ्यांवर आज आपण दुर्बीण लावून बसतों, तेथें त्यांचीं गुरें पाणी पीत असत.

त्या काळच्या संरक्षणाची कल्पनाहि आजच्याहून निराळी होती. हरणें वाढावीं म्हणून रक्षकच सिंह, बिबटे, रानकुत्रे व मगरी यांना ठार मारीत. आज ज्या सिंहासाठीं लोक समुद्र ओलांडून जातात, तो तेव्हां उपद्रवी प्राण्यांच्या यादींत होता. पुढें स्टीव्हन्सन-हॅमिल्टनचें मत पालटलें, हें त्याच्या श्रेयाकडे लिहिलें पाहिजे.

सिंहाचें नांव निघालें म्हणून हॅरी वोल्हूटरची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हा स्टीव्हन्सन-हॅमिल्टनच्या हाताखालचा रक्षक. १९०३ च्या ऑगस्ट महिन्यांत तो घोड्यावरून मुक्कामाकडे चालला होता. दिवस मावळला होता आणि बरोबरचे आफ्रिकन सहकारी मागें राहिले होते. अंधारांतून एका सिंहानें घोड्यावर झेप घातली. घोडा उधळला, वोल्हूटर खालीं पडला तो दुसऱ्या सिंहाच्या पुढ्यांत. त्यानें त्याचा उजवा खांदा तोंडांत धरून त्याला फरफटत नेलें. वोल्हूटरच्या कमरेला सुरी होती. ती त्यानें डाव्या हातानें चांचपून काढली आणि सिंहाच्या अंगांत खुपसली. सिंह दूर झाला आणि मेला. घोड्यामागें गेलेला पहिला सिंह तेवढ्यांत परत आला. वोल्हूटर कसाबसा झाडावर चढला, मूर्च्छा आल्यास खालीं पडूं नये म्हणून त्यानें स्वतःला फांदीशीं बांधून घेतलें, आणि खालीं त्याचा बुल नांवाचा कुत्रा भुंकून भुंकून त्या सिंहाला थोपवीत राहिला. सहकारी येऊन पोंचले, त्यांनीं त्याला उतरविलें आणि कित्येक दिवसांच्या वाटेनें खांद्यावरून वाहून रेल्वेपर्यंत नेलें. त्या सिंहाचें कातडें आणि ती सुरी आज स्कुकुझा येथें पाहावयास मिळतात. वाटाडे सुरीचें वर्णन रंगवून करतात, कुत्र्याचेंहि करतात; ज्यांच्या खांद्यांवर हा माणूस जिवंत राहिला, त्यांच्याविषयीं मात्र बोलणें थोडक्यांत आटोपतें.

असो. पहिल्या महायुद्धानंतर या अरण्याचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न उभा राहिला. गोऱ्या शेतकऱ्यांना गुरें-मेंढ्यांसाठीं जमीन हवी होती, खाणवाल्यांना कोळसा हवा होता. जनावरांच्या बाजूनें बोलणारे लोक थोडे, आणि त्यांच्या हातीं पैशाची बाजू नव्हती. ती बाजू अनपेक्षितपणें रेल्वेनें पुरविली. १९२३ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेनें नऊ दिवसांची एक सहल काढली. गाडी या अरण्यांतून जाई, परंतु आंखणाऱ्यांच्या दृष्टीनें अरण्य म्हणजे वाटेंतील एक रिकामी जागा होती. आकर्षण पलीकडच्या गांवांचें आणि पोर्तुगीज बंदराचें. साबी नदीच्या पुलापाशीं गाडी थांबूं लागली, बंदूकधारी रक्षक उतारूंना थोडें रानांत फिरवून आणूं लागला, रात्रीं मोठी शेकोटी पेटूं लागली. आणि सगळ्या सहलींत लोकांना आवडला तो हाच मुक्काम! रक्षकाबरोबर काढलेला तो लहानसा फेरा म्हणजे आजच्या वाटाड्यासह होणाऱ्या सफरीचा पूर्वज होय. जनावर मारून जेवढें मिळतें, त्याहून तें दाखवून अधिक मिळूं शकतें, ही गोष्ट सरकारच्या गळीं उतरली ती येथें.

३१ मे १९२६ रोजीं राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. कायदा मांडणारे मंत्री पीट ग्रोब्लर हे क्रूगर यांच्या नात्यांतले. उद्यानाला क्रूगरांचें नांव दिल्यामुळें बोअर मतें अनुकूल झालीं. एरवीं स्वतः क्रूगर यांना जनावरांचा कितपत कळवळा होता, याविषयीं इतिहासकार साशंक आहेत. १९२७ सालीं मोटारींना प्रवेश खुला झाला, एका गाडीस एक पौंड फी. त्या वर्षीं गाड्या आल्या तीन. पुढच्या वर्षीं १८०, आणि १९२९ सालीं ८५०. इतक्या लोकांची तयारी कोणाचीच नव्हती. राहावयास घरें नव्हतीं. गवती छपरांचीं पहिलीं गोल घरें उभीं राहिलीं तीं १९२८-२९ मध्यें. मग तळांना कुंपणें आलीं आणि सूर्यास्तानंतर बाहेर फिरण्यास बंदी झाली.

गाडींतून न उतरण्याच्या नियमाचें मूळ एका निरीक्षणांत आहे. माणूस पायीं दिसला कीं सिंह उठून जाई किंवा अंगावर येई. पण मोटार शेजारीं येऊन उभी राहिली तर तो ढुंकूनहि पाहत नसे. स्टीव्हन्सन-हॅमिल्टनला याचें मोठें नवल वाटलें. गाडी आणि आंतील माणसें मिळून सिंहाला एकच कांहीं निरुपद्रवी वस्तु वाटते; माणूस उतरला कीं ती वस्तु मोडते. सबंध सफारीचा धंदा सिंहाच्या या गैरसमजावर उभा आहे म्हणा ना!

ज्या रस्त्यांवरून त्या गाड्या धांवूं लागल्या, त्यांच्याविषयींहि दोन शब्द. उद्यानाच्या पूर्वेस मोझांबिक, नैर्ऋत्येस जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी. कामासाठीं मोझांबिकहून पायीं येणारीं गरीब माणसें याच अरण्यांतून जात. विनापरवाना आढळलेल्यांना पकडून त्यांच्याकडून सक्तीचें काम करून घेत, आणि त्या कामांत रस्त्यांचेंहि काम असे. प्रवासी म्हणून येणाऱ्या आफ्रिकन आणि हिंदी कुटुंबांची गतहि फार वेगळी नव्हती. गोऱ्यांचे तळ त्यांना बंद. ओलिफन्ट्स नदीजवळील बालुले हा लहानसा, सोयींवांचूनचा तळ कित्येक वर्षें त्यांच्यासाठीं होता. तरीहि तीं कुटुंबें जात असत. जेकब ड्लामिनी या दक्षिण आफ्रिकी इतिहासकारानें २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'सफारी नेशन' या ग्रंथांत हा इतिहास मांडला आहे. दक्षिण आफ्रिकेंतील आपली माणसें म्हणजे गांधीजींचा सत्याग्रह एवढेंच आपल्याला ठाऊक असतें; तीं माणसें डबे बांधून, मुलांना घेऊन सिंह पाहावयासहि निघत, हें कळलें म्हणजे त्यांची अधिक ओळख पटते.

आतां बेत करणाऱ्यास उपयोगी चार गोष्टी. नकाशा पाहून हुरळून जाऊं नये. उद्यान दक्षिणोत्तर सुमारें ३६० किलोमीटर लांब असून क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटरांच्या जवळपास आहे; आपला रत्नागिरी जिल्हा त्यांत दोनदां मावून जागा उरेल. एकच दिवस असेल तर दक्षिण भाग सोडूं नये. स्कुकुझाहून लोअर साबीकडे जाणारा रस्ता साबी नदीच्या कांठानें जातो. लांबी सुमारें ४५ किलोमीटर, पण सगळी सकाळ त्याच्यावर खर्चली तरी ती वायां गेली असें म्हणवत नाहीं. वाटेंत न्कुहलू येथें उतरून फराळ करण्याची सोय आहे, आणि लोअर साबीच्या अलीकडील तळ्यांत पाणघोडे व मगरी एकत्र दिसतात. ऋतु हिवाळ्याचा धरावा. तेव्हां गवत वाळलेलें असतें, पाणी थोड्या ठिकाणीं उरतें आणि जनावरें तेथें येतात. उन्हाळा तिकडे पावसाचा आणि हिंवतापाचा. पूर्वी त्या दिवसांत उद्यानाचा बराचसा भाग बंदच ठेवीत. आजहि जाण्यापूर्वी वैद्याला विचारून औषध घ्यावें. पहांटे उघड्या गाडींत थंडी बोंचते, तेव्हां लोकर बरोबर असावी. दुपारीं अकरा ते तीन जनावरें सावलींत पडून असतात. तो वेळ जेवणाला द्यावा आणि वाटाड्याला उगाच पिटाळूं नये.

वाटाडा निवडतांना मात्र एक गोष्ट विचारावी : तो त्या मुलखांत वाढलेला आहे काय? पक्ष्यांची एकाएकीं उठलेली ओरड, सगळ्या इंपालांनीं एकाच दिशेला वळविलेलीं तोंडें, धुळींत उमटलेला ताजा पंजा, हें वाचणें पुस्तकांतून येत नाहीं. उद्यानाच्या उत्तर टोंकाला मकुलेके नांवाचे लोक होते. त्यांना १९६९ सालीं तेथून उठविण्यांत आलें. १९९८ मध्यें त्यांची सुमारें २४ हजार हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली, तेव्हां त्यांनीं तेथें पुन्हां शेती न करतां अरण्य तसेंच ठेवण्याचें ठरविलें, आणि पाहुण्यांच्या उतरण्याचा धंदा स्वतःच्या हक्कानें उभा केला. एवढ्या वर्षांनीं परत मिळालेली जमीन नांगरावयाची नाहीं असें ठरविणें, आपल्याकडील कोणत्याहि शेतकऱ्याला विचारा, सोपें नसतें.

दक्षिणेकडे परत येऊं. चार वाजतां उन्हें कललीं कीं नदीकांठीं पुन्हां हालचाल सुरू होते, हत्ती पाण्यावर येतात, आणि नेमक्या त्याच वेळीं वाटाड्या घड्याळ पाहूं लागतो. फाटक बंद व्हावयाच्या आंत बाहेर पडलें पाहिजे. उशिरा येणाऱ्यास दंड होतो. पाहुण्यांना त्यांच्या मुक्कामीं उतरवून तो आपल्या गांवीं जातो. तें गांव पुष्कळदां उद्यानाच्या पश्चिमेच्या कुंपणाला लागूनच असतें.